शोध लागला, पुढे काय? औषधाच्या वाटेवर निघालेल्या सीमाभागातल्या नवख्यांसाठी

प्लास्टिकचं एक कापड असतं. बाळ जन्मलं की ते बाईच्या कमरेखाली सरकवायचं. खालच्या बाजूला ते नरसाळ्यासारखं निमुळतं होत एका पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त किती गेलं, हे नजरेच्या अंदाजाने सांगायचं नाही. खूण वाचायची आणि वहीत लिहायची.

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक चाचणी झाली, तिच्यात हे कापड वापरलं गेलं. आपलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतली विद्यापीठं मिळून ती चालवत होती. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या १,६२० बायका. रक्त जास्त जाऊ नये म्हणून कोणाला मिसोप्रॉस्टॉलची गोळी, कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. गोळी देणाऱ्या एएनएम, म्हणजे गावच्या नर्सबाई. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली हा निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रॉस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

गंमत अशी की मिसोप्रॉस्टॉलचा शोध बेळगावात लागला नव्हता आणि तो बाळंतिणींसाठीही नव्हता. अमेरिकेतल्या सर्ल कंपनीने ते पोटातल्या अल्सरसाठी तयार केलं होतं. रेणू तिकडचा, पुरावा आपल्या खेड्यांतला. नव्याने या क्षेत्रात येणारी पोरं बहुतेक रेणूच्या मागे धावतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगते. आपल्या भागाची ताकद या दुसऱ्या अर्ध्या वाटेत आहे. मी क्षेत्र-समन्वयक म्हणून याच अर्ध्या वाटेवर हिंडत आले, त्यामुळे पुढचं सगळं थोडं माझ्या बाजूला झुकलेलं वाटेल. वाटू दे.

पहिलं काम: हातात काय आहे ते ओळखा

तुमच्याकडे तीनपैकी एक गोष्ट असते. एखादा नवा पदार्थ, म्हणजे रेणू, अर्क, जिवाणू वगैरे. किंवा एखादं उपकरण, तपासणी, मापाचं साधन. किंवा नुसता प्रश्न: हे औषध आधीच बाजारात आहे, ते या दुसऱ्या त्रासावर चालेल का? नर्सबाईच्या हातून चालेल का? फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात चालेल का?

पदार्थ असेल तर आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं बाजूला काढा. उपकरण असेल तर त्याहून कमी. प्रश्न असेल तर पाच-सात वर्षांत काहीतरी हाती लागू शकतं, आणि तो फुकट मिळतो. ओपीडीच्या बाकावर दोन तास बसलं की चार प्रश्न घेऊनच उठाल.

पदार्थाला किती वेळ लागतो, हे सांगायला आपल्याच डोंगरातलं झाड पुरे. नरक्या. आंबोलीपासून कर्नाटकातल्या घाटांपर्यंत आढळतो, घाण वासामुळे हे नाव पडलंय. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचा कर्करोगविरोधी पदार्थ असतो. तो पहिल्यांदा १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये तोच पदार्थ नरक्यात सापडला. सत्तरच्या दशकात माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि विषारी परिणामांमुळे थांबल्या. तो कर्करोगाच्या पेशीत नेमकं काय करतो, हे कळायला १९८५ उजाडलं. त्यापासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ साली. मोजा. तीस वर्षं. आणि मधली दहाएक वर्षं तर हा पदार्थ कपाटातच पडून होता म्हणायला हरकत नाही.

दुसरं काम: तोंड बंद ठेवा

हे उद्धट वाटेल, पण पोस्टर लावण्याआधी पेटंटचा विचार करा. माझ्या ओळखीतल्या एका एम.एस्सी.च्या मुलीने एका कॉन्फरन्समध्ये आपल्या अर्काची सगळी कृती, द्रावणाच्या प्रमाणासकट, पोस्टरवर छापली. बक्षीस मिळालं, फोटो पेपरात आला. वर्षभराने पेटंटच्या वकिलाकडे गेली तर तो म्हणाला, "ताई, तुमचा शोध आता सगळ्या जगाचा झाला." एकदा उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. कायद्यात सवलती आहेत, पण फार अरुंद. त्यांच्या भरवशावर राहू नका.

उपाय सोपा आहे. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज दाखल करायचा, मग बोलायचं. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांनाही आता वैयक्तिक अर्जदाराइतकीच कमी फी लागते, तेव्हा अर्ज वैयक्तिक नावाने न करता संस्थेमार्फत करा. तसाही शोध संस्थेच्या लॅबमध्ये लागलेला असतो, मालकीचा प्रश्न येणारच.

आजीच्या बटव्यातली गोष्ट घेऊन आला असाल तर आणखी दोन अडथळे आहेत. भारतीय पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, आणि दोन-तीन वस्तू नुसत्या एकत्र करण्यालाही नाही. हळदीचा लेप हळदीचाच राहतो. त्यातून वेगळा काढलेला आणि सुधारलेला घटक, नवी प्रक्रिया, असं काही असेल तरच बोलणं पुढे सरकतं. शिवाय वनस्पती इथल्या जंगलातली असेल तर पेटंटच्या वाटेवर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी चढावी लागते. रोगावर उपचार करण्याच्या पद्धतीलाही आपल्याकडे पेटंट मिळत नाही. म्हणजे 'प्रश्न'वाल्यांना बहुधा पेटंटची चिंताच नको.

तिसरं काम: माणूस शोधा

संस्था नंतर. आधी माणूस, म्हणजे ज्याच्याकडे तुमचे पेशंट येतात असा डॉक्टर.

बेळगावात यासाठी फार हिंडावं लागत नाही, हे आपलं नशीब. केएलईच्या विद्यापीठाखाली जेएनएमसी, म्हणजे वर आलेलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे. आई आणि बाळांच्या चाचण्यांचा त्यांचा अनुभव मोठा आहे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी चालवलेल्या ग्लोबल नेटवर्कमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. सरकारी बिम्स आहे, ज्याला आपण अजूनही सिव्हिलच म्हणतो. वनौषधी असेल तर आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, दिल्लीला जायची गरज नाही. उपकरण असेल तर मच्छेला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तिथले इंजिनिअर पकडा. रसायन किंवा जीवशास्त्राची चांगली लॅब हवी तर राणी चन्नम्मा विद्यापीठात विचारा, आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ.

डॉक्टरांना भेटायला सोमवारी सकाळी जाऊ नका. रविवारची सुट्टी संपलेली असते आणि सगळा तालुका ओपीडीत उतरलेला असतो. दुपारी तीननंतर जा. एका पानावर मावेल एवढंच लिहून न्या. "माझ्याकडे एक रेणू आहे" अशी सुरुवात करू नका, कारण रेणू सगळ्यांकडेच असतात. "सर, तुमच्याकडे या आजाराचे महिन्याला किती पेशंट येतात, आणि आत्ता त्यांना काय देता?" असं विचारा. उत्तर देताना डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले तर समजा काम झालं. आणि त्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टरांनाही भेटा. तुमची योजना वॉर्डात चालणार की नाही, हे सरांपेक्षा त्यांना आधी कळतं.

मग येतो करार. एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, हा शाल, श्रीफळ आणि फोटोपुरता. त्याने कामाचं काही ठरत नाही. खरा करार वेगळा करायचा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहायच्या: डेटा कोणाचा, पेटंटमध्ये कोणाचा किती वाटा, पेपरवर कोणाची नावं कोणत्या क्रमाने, आणि मधेच पैसे संपले तर काय. ओळख आहे, मैत्री आहे म्हणून हे टाळू नका. मैत्री असते म्हणून तर आधी लिहायचं.

सोबत परदेशी विद्यापीठ असेल किंवा पैसा तिकडून येणार असेल, तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. त्यात महिने जातात, ते वेळापत्रकात आधीच धरा. रक्ताचे किंवा ऊतींचे नमुने बाहेर पाठवायचे असतील तर त्याचा वेगळा करार होतो. "चार ट्यूब तर आहेत, बॅगेत टाकून नेतो" असं म्हणणारा परदेशी पाहुणा मी पाहिलाय. त्याला गोड बोलून थांबवायचं.

चौथं काम: लॅब, प्राणी, पैसे

हे मी भराभर सांगते, कारण यात माझा हात फारसा नाही. पदार्थ असेल तर आधी पेशींवर, मग प्राण्यांवर. प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हवी. विषबाधेच्या तपासण्या पुढे औषध नियंत्रकांना दाखवायच्या असतील तर जीएलपी (प्रयोगशाळेतल्या चांगल्या कामाचे निकष) मान्यता असलेल्या लॅबमधूनच करून घ्या. नाहीतर तेच काम पैसे घालून पुन्हा करावं लागतं. सुरुवातीच्या पैशांसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग योजना बघा: १८ महिन्यांपर्यंत आणि ५० लाख रुपयांपर्यंत. कल्पना चालते एवढं दाखवायला ती पुरते, औषध बाजारात आणायला मुळीच पुरत नाही.

पाचवं काम: परवानग्या, आणि त्यांचा क्रम

माणसांवर काहीही करण्याआधी एथिक्स कमिटी, म्हणजे सहभागी माणसांचं हित बघून मंजुरी देणारी समिती. तिच्यात किमान सात जण असतात. त्यात कायद्याचा जाणकार हवा, किमान एक बाई हवी आणि एक सर्वसामान्य माणूस हवा. या शेवटच्या माणसाला नवखे लोक हलक्यात घेतात. पण "हे पेशंटला समजेल का?" हा प्रश्न बहुधा तोच विचारतो, आणि प्रस्ताव तिथेच अडकतो.

पहिला पेशंट घेण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआयमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करायची. तिला पैसे लागत नाहीत. आधी पेशंट घेतले आणि मग नोंद केली, तर चांगली नियतकालिकं तुमचा पेपर उघडूनही बघत नाहीत.

नवं औषध असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांनुसार भारतात शोधलेल्या औषधाच्या अर्जावर कामकाजाच्या ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 'प्रश्न'वाल्यांसाठी इथेही सवलत आहे. आधीच मंजूर असलेलं औषध नव्या वापरासाठी फक्त शैक्षणिक हेतूने तपासत असाल आणि निकाल विक्रीसाठी वापरणार नसाल, तर साधारणपणे एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. अभ्यासाच्या स्वरूपाबद्दल शंका आली तर कमिटी स्वतः नियंत्रकांना कळवते.

पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर सुरक्षितता, दुसऱ्यात मात्रा आणि गुण येण्याची चिन्हं, तिसऱ्यात मोठ्या संख्येवर तुलना, चौथ्यात बाजारात आल्यानंतरची नजर. आपल्या भागात जे मोठं काम झालं ते बहुतेक तिसऱ्या टप्प्यासारखं. बाळंतपणात ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची एकच मात्रा देण्याची चाचणी घ्या. बेळगाव हे तिच्या केंद्रांपैकी एक, आणि निकाल २०२३ मध्ये आला. सगळे देश मिळून २९,२७८ बायका. आईला सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे जिवावर बेतणारा आजार होणं किंवा ती दगावणं २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं, बाळांना मात्र फायदा दिसला नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच ठळकपणे छापल्या गेल्या, हे लक्षात घ्या. आणि एवढी संख्या का लागली तेही. २.४ आणि १.६ मधला फरक शंभर बायकांत दिसत नाही.

कुठल्याही टप्प्यात गंभीर त्रास झाला तर २४ तासांत कळवायचं. रविवार असो, गणपती असोत, की तुम्ही लग्नाच्या पंगतीत असा.

सहावं काम: भाषा

आता माझ्या प्रांतात आलो.

संमतीपत्र पेशंटच्या भाषेत असावं, असा नियम आहे. पुण्या-मुंबईत हे एका ओळीत संपतं. सीमाभागात नाही. आडनावावरून किंवा गावावरून भाषा ठरवू नका. दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: घरात काय बोलता, आणि वाचता काय? घरात मराठी बोलणारी पण कन्नड शाळेत शिकलेली सून कन्नड फॉर्म वाचते आणि शंका मराठीत विचारते. तिच्या सासूला दोन्ही वाचता येत नाही. तिथे वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी हजर पाहिजे. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, फॉर्म आपल्याला आजच भरायचाय. म्हणून दोन्ही भाषांतले फॉर्म पिशवीत ठेवा.

आणि मराठी फॉर्म मराठीत पाहिजे. एकदा आमच्याकडे आलेल्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं, "सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने गटांमध्ये विभाजन केले जाईल." खानापूरजवळच्या एका वाडीत मी ते एका मावशींना वाचून दाखवलं. पडवीत बसून त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे काही कळलं नव्हतं. मी फॉर्म खाली ठेवला आणि म्हटलं, "मावशी, दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. कोणाला कुठली, ते आम्ही ठरवत नाही."

"म्हंजे चिठ्ठी टाकणार म्हणा की."

"हो, तसंच."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "आणि चिठ्ठी उचलणार कोण? डॉक्टर उचलणार असतील तर ते आपल्या माणसाला बरी गोळी देतील की."

पाठ्यपुस्तकात यासाठी दोन पानं खर्ची घातलेली असतात. गोळी कोणाला जाणार हे देणाऱ्यालाही आधी कळता कामा नये, ते का, हे मावशींनी शेंगा फोडता फोडता सांगून टाकलं. आम्ही फॉर्ममधलं वाक्य बदललं: "तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. गोळी कोणती आहे हे डॉक्टरांना, नर्सबाईंना आणि तुम्हालाही कळत नाही." बदललेला फॉर्म पुन्हा एथिक्स कमिटीकडे गेला, कारण मंजूर मजकुरातला एक शब्दही आपल्या मनाने बदलता येत नाही.

भाषांतर झालं की दुसऱ्याच कोणाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मजकुराशी ताडून बघा. त्यानंतर पाच अडाणी माणसांना वाचून दाखवा आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. हे पाचजण चुकले तर चूक फॉर्मची.

सातवं काम: माणूस हातातून सुटू देऊ नका

पहिलं बाळंतपण माहेरी. खानापूर तालुक्यात सासर असलेल्या मुलीची तुम्ही चौथ्या महिन्यात नोंद करता आणि सातव्यात ओटी भरून ती चंदगडला माहेरी जाते. राज्य बदललं, दवाखाना बदलला, आशाताई बदलल्या, मोबाइल नवऱ्याकडे राहिला. कागदावर ती 'संपर्क तुटला' या रकान्यात गेली. अशा दहा-वीस मुली गेल्या की निकालाचा भरवसा जातो.

म्हणून नोंदीच्या पहिल्याच दिवशी माहेरचं गाव, भावाचा किंवा वडिलांचा नंबर आणि तिथल्या आशाताईंचं नाव लिहून घ्या. मी तर माहेरच्या गावाला एसटी कुठून बसते तेही लिहिते. लोक हसतात, पण पावसाळ्यात ती ओळ उपयोगी पडते. निपाणी, चिकोडीकडे वेगळी अडचण: ऊसतोडीचा हंगाम आला की कुटुंबंच्या कुटुंबं हलतात. तिथे नोंदणीचे महिने हंगाम बघून ठरवा. बेंगळूरहून आलेल्या वेळापत्रकावर विसंबलात तर फसाल.

आठवं काम, जे बहुतेक करत नाहीत

निकाल छापून आला की पेपरची प्रत घेऊन पुन्हा त्याच गावात जा. अंगणवाडीत बायका जमवा. "१२ टक्क्यांवरून ६.४ टक्के" असं म्हणू नका. "शंभर बाळंतिणींत बारा जणींना जास्त रक्त जायचं, गोळी दिलेल्या शंभरांत सहा-सात जणींना गेलं" असं सांगा. थंडी वाजते, ताप येतो, तेही सांगा, कारण मिसोप्रॉस्टॉलने ते होतं.

मग कोणीतरी विचारेल, "ती गोळी आता आपल्या दवाखान्यात मिळती काय?"

या प्रश्नाचं उत्तर आधी शोधून मगच गावात जा. पीएचसीच्या औषधांच्या यादीत ते औषध आहे का? असेल तर स्टॉक रजिस्टरवर शिल्लक किती आहे? नर्सबाईंना ते कधी आणि किती द्यायचं याचं प्रशिक्षण झालंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा आणि पेपरची एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवा. सोबत अर्ज जोडा. अर्ज कन्नडमध्ये, दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा.